पेट्रोलला दोष देण्यापूर्वी टायमिंग तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांत आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत जुन्या मोटारींच्या मालकांच्या तक्रारी वारंवार वाचायला मिळाल्या. गाडी चढावर ओढत नाही, ॲव्हरेज पडले, इंजिन तापते, सकाळी सेल्फ मारताना उलटा झटका बसतो, आणि या साऱ्याचे कारण पेट्रोलमधले वीस टक्के इथेनॉल हेच आहे, असा बहुतेक पत्रांचा सूर दिसतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक व्यवसाय शिकविण्यात उमेदीची वर्षे घालविलेला माणूस म्हणून मला या विषयावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण पत्रांतील निम्मी लक्षणे इथेनॉलची नसून बिघडलेल्या इग्निशन टायमिंगची आहेत, असे माझे मत झाले आहे. ते टायमिंग तपासायला साधा दिवा आणि संयम लागतो, मात्र हल्ली ते कोणी तपासतच नाही.

इथेनॉलला सर्वस्वी निर्दोष ठरविण्याचा माझा हेतू नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात ॲव्हरेज काही प्रमाणात घटणार हे उघड आहे. शिवाय पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला नऊच भाग पुरते. कार्ब्युरेटरच्या जेटला इंधन बदलल्याचे कळत नसल्याने तो पूर्वीइतकेच इंधन सोडतो आणि मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रणामुळे थंड इंजिन अडखळते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर दम घेते. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम (लवचीक पडदे) खराब होतात ही तक्रारही खरी आहे. परंतु इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे ठोकणे रोखण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा वरचा असल्यामुळे त्याच्या मिश्रणाने इंजिनाचे ठोकणे (मिश्रण अवेळी भडकल्याने येणारा खडखडाट) वाढण्याऐवजी कमी व्हायला हवे. म्हणून ज्यांचे इंजिन घाटात पूर्वीपेक्षा अधिक ठोकू लागले आहे, त्यांनी पेट्रोलपंपाकडे बोट दाखविण्याआधी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पुरविणाऱ्या भागाकडे, पाहिले पाहिजे.

टायमिंग म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे, कारण अनेक वाहनमालक त्याचा संबंध टायमिंग बेल्टशी किंवा टायमिंग चेनशी लावतात. बेल्ट किंवा चेन व्हॉल्व्ह कधी उघडायचे व कधी मिटायचे ते ठरवते, आणि मी लिहीत आहे ते प्लगवर ठिणगी कधी पडावी याविषयी. सिलिंडरमध्ये दाबले गेलेले मिश्रण ठिणगी पडताक्षणी एकदम पेटत नाही. ज्योत प्लगपासून निघून सर्वत्र पसरायला काही मिलिसेकंद लागतात, आणि सर्वाधिक दाब पिस्टन वरच्या टोकावरून खाली निघाल्यानंतर साधारण पंधरा अंशांच्या आसपास आला, तरच तो दाब पूर्णपणे कामी येतो. त्यासाठी ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या आधीच पडावी लागते. इंजिन मिनिटाला ७५० फेरे फिरत असताना क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) एका मिलिसेकंदात साडेचार अंश सरकतो, तर ३००० फेऱ्यांना तोच एका मिलिसेकंदात अठरा अंश सरकतो. वेग वाढत जाईल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडली पाहिजे, हे या दोन आकड्यांवरूनच लक्षात येईल.

ही सोय जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे गॅरेजात ज्याला सर्रास डेल्को म्हणतात त्यात, दोन प्रकारांनी केलेली असते. आतल्या दांड्यावर स्प्रिंगने बांधलेली दोन वजने असतात. वेगाबरोबर ती बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणाऱ्या उंचवटेदार कॅमला पुढे ढकलतात. दुसरी सोय व्हॅक्युमची आहे. ॲक्सिलरेटर थोडासाच दाबलेला असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते व सावकाश जळते, म्हणून अशा वेळी कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या ओढीने डायफ्रॅम पॉइंटची (ज्यांच्या उघडण्याने ठिणगी पडते त्या जोडीची) बैठक फिरवून आणखी काही अंश मिळवून देतो. या दोन्ही यंत्रणा आपापले काम करतात ते पायाच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटर बसवताना लावलेल्या मूळ, टायमिंगवर. पाया चुकला की पुढचा प्रत्येक अंश त्याच चुकीत मिळवला जातो.

आता प्रत्यक्षात काय चालते ते पाहा. गाडी ‘ट्यूनिंग’ला दिली की मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करतो, इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवतो, ज्या जागी आवाज सर्वांत चढा लागतो तेथून किंचित मागे घेतो आणि क्लॅम्प आवळतो. अनेक नावाजलेले मिस्त्री याच पद्धतीने काम करीत आले आहेत आणि त्यांच्या कानाबद्दल मला आदर आहे. परंतु ही पद्धत मुळातच सदोष आहे. भार नसलेले इंजिन आयडलिंगला बऱ्याच आगाऊ ठिणगीनेही खुशीत फिरते, म्हणजे आवाज सर्वांत चढा लागतो ती जागा योग्य टायमिंगच्या कितीतरी पुढे असू शकते. तेथून ‘किंचित मागे’ म्हणजे किती, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. डिस्ट्रिब्युटर एक अंश फिरवला की क्रँकच्या हिशेबात दोन अंशांचा फरक पडतो, ही गोष्ट हाताने फिरवणाऱ्याच्या लक्षात क्वचितच असते. असे सेट केलेले इंजिन गॅरेजच्या दारात गोड वाटते आणि खंबाटकी घाट चढताना ठोकू लागते. सपाट रस्त्यावर भरधाव जाताना ते ठोकत असेल, तर वाऱ्याच्या आणि टायरच्या आवाजात ऐकूही येत नाही, आणि नुकसान तेथेच अधिक होते. पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडणे, रिंगांमधील कडा तुटणे, हेड गॅस्केट उडणे हे सारे अशा न ऐकलेल्या ठोक्यांचे परिणाम असतात.

याच्या उलट काही मेकॅनिक ठोकण्याच्या तक्रारीवर उपाय म्हणून टायमिंग बेधडक मागे घेतात. ठोकणे थांबते, ग्राहक समाधानाने घरी जातो. पण उशिरा पेटलेले मिश्रण पिस्टन खाली जात असताना जळत राहते आणि जी उष्णता कामात यायची ती एक्झॉस्टमध्ये व पाण्यात जाते. गाडी सुस्त होते, रेडिएटर उकळू लागतो, पेट्रोल अधिक लागते आणि कालांतराने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. मग रेडिएटर साफ करून घेतला जातो, थर्मोस्टॅट काढून फेकला जातो, आणि अखेरीस इथेनॉलवर खापर फुटते.

टायमिंग नीट तपासण्याची सुरुवात डिस्ट्रिब्युटर फिरवण्यापासून होत नाही, ती सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटपासून होते. हा क्रम मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण गॅरेजांत सर्वाधिक चुकतो तो हाच. पॉइंट कॅममुळे ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. त्यांच्यामधील फट वाढवली तर ते लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते, फट कमी झाली तर उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडते. कॅमवर घासणारी फायबरची टाच रोज थोडी थोडी झिजते, फट आपोआप कमी होते, आणि कोणीही हात न लावता टायमिंग महिनोन्‌महिने मागे सरकत राहते. ज्यांना ‘गाडी हळूहळू मेली’ असे वाटते त्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडलेले असते. म्हणून आधी टायमिंग लावून मग पॉइंटची फट बदलणे म्हणजे केलेले काम स्वतःच मोडणे होय.

पॉइंटची तोंडे प्रथम पाहावीत. एका तोंडावर उंचवटा आणि दुसऱ्यावर तितकाच खड्डा दिसला, तर कंडेन्सरची शंका घ्यावी आणि पॉइंटची जोडी नवी बसवावी. बारीक कानशीने घासून खड्डेदार पॉइंटवर फिलर गेज चालवणे निरर्थक आहे, कारण गेजचे सपाट पाते उंचवट्यावर टेकते व खरी फट सांगत नाही. टाच कॅमच्या उंच भागावर असेल अशा जागी इंजिन हाताने आणून फट मोजावी. चार सिलिंडरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत ती ०.४ ते ०.५ मि.मी. यांच्या दरम्यान असते, तरी अचूक आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. ड्वेल मीटर उपलब्ध असेल तर फारच उत्तम. पॉइंट मिटलेले असतानाचा कोन त्यावर चालू इंजिनात वाचता येतो, आणि तो कोन एक अंशाने बदलला तर टायमिंगही क्रँकच्या एका अंशाने बदलते. कॅमच्या चारही उंचवट्यांवर फट सारखी येत नसेल, किंवा दांडा बोटांनी हलवल्यावर आडवा हलत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचे बुश गेलेले आहेत. अशा डिस्ट्रिब्युटरवर टायमिंग कितीही काळजीने लावले तरी ते प्रत्येक फेऱ्याला काही अंश इकडे-तिकडे भटकणार, आणि त्याला बुश बदलण्याखेरीज उपाय नाही.

यानंतर एक नंबरच्या सिलिंडरचा पिस्टन वर आणायचा. चार स्ट्रोकच्या चक्रात पिस्टन वरच्या टोकाला दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, आणि ठिणगी हवी असते ती पहिल्या वेळी. प्लग काढून भोकावर अंगठा दाबावा. इंजिन फिरवताना हवा अंगठ्याला बाहेर लोटू लागली म्हणजे कॉम्प्रेशन स्ट्रोक सुरू आहे, आणि अशा वेळी रोटरचे (डिस्ट्रिब्युटरमधील फिरत्या तुकड्याचे) टोक कॅपमधील एक नंबरच्या वायरीकडे असले पाहिजे. क्रँकच्या पुलीवरील किंवा काही गाड्यांत फ्लायव्हीलवरील खूण मग पुस्तिकेत सांगितलेल्या अंशावर आणावी. खूण ओलांडली गेली तर तशीच मागे आणू नये. इंजिन बरेच मागे नेऊन पुन्हा त्याच्या फिरण्याच्या दिशेने खुणेपर्यंत आणावे, म्हणजे चेन आणि गिअर यांच्यातील ढिलेपणा मोजमापात येत नाही.

जुन्या गाड्यांत ही खूण अनेकदा पुसलेली, गंजलेली किंवा पुली बदलल्यामुळे चुकीच्या जागी असते. ज्या पुलींना रबराचा थर असतो त्यांचे बाहेरचे कडे रबर सुटून सरकते, आणि खूण दिसत असूनही खोटी ठरते. अशा वेळी प्लगच्या भोकात तार घालून पिस्टन सर्वांत वर आला की खूण करावी, असे सर्रास सांगितले जाते. पण वरच्या टोकाजवळ क्रँक कित्येक अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही, त्यामुळे या पद्धतीत सहज चार-पाच अंशांची चूक होते. त्याऐवजी पिस्टन वर येण्याच्या बराच आधी तारेवर एक उंची धरून पुलीवर खडूची रेघ मारावी, पिस्टन टोक ओलांडून खाली जाताना तार नेमकी त्याच उंचीवर आली की दुसरी रेघ मारावी, आणि या दोन रेघांच्या बरोबर मध्यावर वरच्या टोकाची खूण करावी. तार सरळ, लांब आणि न अडकणारी असावी व इंजिन हातानेच फिरवावे, हे वेगळे सांगायला नको. पुढचे अंश मोजायला पुलीचा घेर दोऱ्याने मोजून ३६० ने भागावा. पुलीचा व्यास १५० मि.मी. असेल तर घेर सुमारे ४७१ मि.मी. भरतो आणि एक अंश म्हणजे १.३ मि.मी. होतो. पुस्तिकेत दहा अंश आधी असे म्हटले असेल तर तेरा मि.मी. अंतरावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली की काम झाले. फक्त ती रेघ पुलीच्या कोणत्या बाजूला ओढायची याचा विचार करावा. वरच्या टोकाच्या रेघेच्या आधी जी रेघ इंजिनावरील स्थिर काट्यासमोरून जाते ती ॲडव्हान्सची, म्हणजे आधी पडणाऱ्या ठिणगीची, हे इंजिन हाताने फिरवून एकदा पाहून घ्यावे.

इंजिन बंद ठेवून टायमिंग लावायला बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. बल्बची एक वायर कॉइलच्या ज्या टोकावरून डिस्ट्रिब्युटरकडे तार जाते तेथे लावावी, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूला, आणि इग्निशनची किल्ली चालू करावी. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो, उघडले की पेटतो. क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटर प्रथम रोटरच्या फिरण्याच्या दिशेने बल्ब विझेपर्यंत न्यावा, मग उलट दिशेने अगदी सावकाश आणावा, आणि बल्ब ज्या क्षणी पेटेल तेथे थांबून क्लॅम्प आवळावा. रोटरच्या विरुद्ध फिरवले की टायमिंग पुढे जाते आणि त्याच्याच दिशेने फिरवले की मागे, एवढे ध्यानात ठेवले की कोणत्याही गाडीवर गोंधळ होत नाही. काही जुन्या लुकास डिस्ट्रिब्युटरांवर बारीक फेरफारासाठी दातेरी नट आणि शेजारी ‘ए’ (ॲडव्हान्स, पुढे) व ‘आर’ (रिटार्ड, मागे) ही अक्षरे असतात. तो नट असताना क्लॅम्पशी झटापट करण्याचे कारण नाही. काम संपल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून बल्ब खुणेवरच पेटतो का, हे पुन्हा पाहावे. क्लॅम्प आवळताना डिस्ट्रिब्युटर थोडा हलतोच. पॉइंट मिटलेले असताना किल्ली फार वेळ चालू ठेवल्यास कॉइल तापते, याचेही भान ठेवावे.

बल्बने लावलेले टायमिंग गाडी चालवण्यापुरते नक्कीच चांगले असते. तरीही अंतिम तपासणी टायमिंग लाइटनेच व्हावी, असा माझा आग्रह आहे. एक नंबरच्या प्लगच्या वायरीवर त्याचा चिमटा बसवला की प्रत्येक ठिणगीबरोबर दिवा लखलखतो आणि फिरती खूण जागेवर थांबल्यासारखी दिसते. इंजिन गरम झालेले असावे, आयडलिंग पुस्तिकेप्रमाणे असावे आणि पुस्तिकेत तसे सांगितले असेल तर व्हॅक्युमचा पाइप काढून त्याचे तोंड बंद करावे. आयडलिंग चढे ठेवले तर आतली वजने फाकू लागतात आणि दिसणारे टायमिंग पायाचे राहत नाही. येथे एक इशारा द्यायलाच हवा. या लखलखाटात रेडिएटरचा पंखाही थांबल्यासारखा भासू शकतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्या भासाने हात पुढे जाणे अगदी सहज घडते. ओढणी, मफलर, सैल बाही आणि मनगटातले कडे यांना या कामात थारा नाही.

टायमिंग लाइटचा खरा उपयोग मात्र आयडलिंगला खूण जुळवण्यापेक्षा पुढे आहे आणि तोच बहुतेक गॅरेजांत केला जात नाही. इंजिनाचा वेग हळूहळू वाढवला की खूण एकसारखी ॲडव्हान्सच्या बाजूला सरकत गेली पाहिजे. ती जागची हललीच नाही, तर वजने गंजून अडकली आहेत. धक्क्याने उडी मारून सरकली, तर स्प्रिंग ताणल्या गेल्या आहेत किंवा एखादी तुटली आहे. वेग उतरवल्यावर खूण परत येत नसेल, तर दांडा कोरडा पडला आहे. रोटरखालच्या वातीवर टाकायचे दोन थेंब तेल वर्षानुवर्षे कोणी टाकलेले नसते. त्यानंतर व्हॅक्युमच्या पाइपला तोंडाने ओढ द्यावी, पॉइंटची बैठक सरकली पाहिजे आणि जिभेने भोक बंद केल्यावर ओढ टिकली पाहिजे. हवा येत राहिली तर डायफ्रॅम फाटलेला आहे. फाटक्या डायफ्रॅमची गाडी ठोकत नाही, तापत नाही, घाटही चढते, फक्त सपाट रस्त्यावर संथपणे जाताना पेट्रोल जास्त पिते. ॲव्हरेज पडल्याची तक्रार करणाऱ्या वाचकांनी हा एक भाग अवश्य तपासून घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवितो.

सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. नैसर्गिक वायूचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त आहे आणि तो सावकाश जळतो, म्हणून त्याला ठिणगी अधिक आधी लागते. चांगल्या किटबरोबर इंधनानुसार टायमिंग पुढे-मागे करणारा इलेक्ट्रॉनिक प्रोसेसर येतो. तो नसेल तेथे मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरच कायमचा पुढे फिरवून ठेवतात. वायू संपल्यावर तीच गाडी पेट्रोलवर घेतली की ती ठोकते, आणि मालकाला पेट्रोलच वाईट वाटू लागते. अशा गाडीत दोन्ही इंधनांना सोसेल असा मधला अंश दिव्यानेच ठरवला पाहिजे, कानाने तो सापडणे कठीण.

वीस टक्के इथेनॉलसाठी ‘टायमिंग चार-पाच अंश पुढे घ्या’ असा सल्ला आता काही ठिकाणी दिला जातो. ऑक्टेन वाढल्याने थोडी मोकळीक मिळते हे खरे आहे, पण ज्या गाडीचे सध्याचे टायमिंगच कोणी मोजलेले नाही, तिचे ते कशाच्या पुढे घ्यायचे, हा माझा साधा प्रश्न आहे. प्रथम पुस्तिकेतला अंश लावावा, मग मिश्रणाच्या पातळपणासाठी कार्ब्युरेटरचा जेट आणि फ्लोटची पातळी पाहावी, आणि त्यानंतर रस्त्यावर पारख करावी. टॉप गिअरमध्ये ताशी तीस-पस्तीस किलोमीटर वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता क्षणभर हलकी किणकिण होऊन थांबली, तर बहुतेक जुन्या इंजिनांच्या बाबतीत टायमिंग जवळपास बरोबर आहे असे समजावे. आवाज थांबत नसेल तर एक-दोन अंश मागे यावे आणि तो बदल लिहून ठेवावा.

पीयूसीचे प्रमाणपत्र आहे म्हणजे इंजिन निर्दोष आहे, असाही एक समज दिसतो. पेट्रोल गाड्यांच्या त्या तपासणीत आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः मिश्रणावर ठरतो, टायमिंगवर नव्हे, आणि आगाऊ टायमिंगने भाराखाली वाढणारे नायट्रोजनचे ऑक्साइड तेथे मोजलेच जात नाहीत. टायमिंग पुष्कळ चुकलेली गाडीही ही तपासणी बिनदिक्कत पार करू शकते.

ही विद्या मागे का पडली, याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. आजच्या गाड्यांत क्रँकचा सेन्सर, नॉक सेन्सर आणि संगणक मिळून प्रत्येक ठिणगीची वेळ ठरवतात, फिरवायला डिस्ट्रिब्युटर उरलेला नाही, आणि हे निःसंशय अधिक चांगले आहे. मधल्या काळातील काही गाड्यांत इंजेक्शन आले होते, तरी डिस्ट्रिब्युटर शिल्लक होता. त्यांतील अनेकांत निदानाच्या जोडणीतील दोन टोके जोडून संगणकाचा हस्तक्षेप थांबवल्याशिवाय पायाचे टायमिंग दिसतच नाही, आणि तसे न करता डिस्ट्रिब्युटर फिरवणारे मेकॅनिक मालकाचे पैसे वाया घालवतात. मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सींच्या आधाराने पॉइंट आणि कंडेन्सरचे काम करणारी गॅरेजे दीर्घकाळ टिकून होती. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली, आणि त्या कामाचा रोजचा सराव देणारे गिऱ्हाईकच संपले. ॲम्बेसेडर, कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या खासगी पद्मिनी मात्र पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत आजही हौसेने आणि गरजेने चालवल्या जातात. नव्या अभ्यासक्रमात स्कॅनर आणि सेन्सर यांना जागा मिळणे योग्यच आहे, तरी प्रत्येक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर बसवलेले एक चालते इंजिन जपून ठेवावे, अशी माझी संबंधितांना विनंती आहे. ॲडव्हान्स म्हणजे काय हे संगणकाच्या पडद्यावरील आकड्यापेक्षा सरकणाऱ्या खुणेवरून विद्यार्थ्याला लवकर उमजते.

वाहनमालकांना एकच मागणी सुचवितो. गॅरेजच्या बिलावर ‘ट्यूनिंग केले’ एवढ्यावर समाधान मानू नये. पॉइंटची फट किती ठेवली, टायमिंग किती अंशांवर लावले, ते किती आरपीएमला आणि व्हॅक्युमचा पाइप काढून की लावून पाहिले, या चार गोष्टी बिलावर लिहून मागाव्यात. जो मेकॅनिक त्या लिहू शकत नाही त्याने टायमिंग मोजलेले नाही, असे खुशाल समजावे. आकडे लिहिलेले असले म्हणजे पुढच्या वेळी टाच किती झिजली, टायमिंग किती सरकले, याचा हिशेब लागतो आणि पेट्रोल बदलल्याने नेमके काय बदलले, हेही मग अंदाजावर सोडावे लागत नाही. नवे पॉइंट बसवले असतील तर टाच कॅमवर बसायला थोडा काळ लागतो व त्या काळात फट लवकर कमी होते, म्हणून पाचशे-एक किलोमीटरनंतर फट आणि टायमिंग दोन्ही पुन्हा पाहून घ्यावे, आणि गाडी देतानाच गॅरेजवाल्याशी त्या दुसऱ्या तपासणीचेही ठरवून घ्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक (मोटार मेकॅनिक व्यवसाय), सातारा